विरळ विणीची झूल

नामा, रेवडी पाणी पीत नाही, म्हणून तुला लिहायला बसले. एरवी तेरवी आटोपल्यावर गेलेल्या माणसाला पत्र लिहावं इतकी काही माझी अक्कल गेलेली नाही. तू चारचौघांत बहिणीबद्दल सांगायचास, आमची बाई चौथी शिकली पण पुडीचा कागदही वाचल्याशिवाय टाकत नाही. तेव्हा मला राग यायचा. आता ते सांगणारं कोणी उरलं नाही, तर त्याच कागदांपैकी एक उलटा करून त्याच्यावर हे लिहिते आहे.

तू होतास तेव्हा ही घोडी उन्हाळ्याच्या दुपारी तीन-तीन बादल्या रिचवायची. आता बादलीत तोंड घालते, ओठ ओले करते आणि मान फिरवून गल्लीच्या तोंडाकडे बघत उभी राहते. ऊन बेताचं होतं तोवर अर्ध्या बादलीवर तिचं भागलं. परवा नवतपा लागला. नवतप्याचे नऊ दिवस आपल्या नागपुरात कसे असतात ते तुला सांगायला नको. पत्र्याला हात लागला की फोड येतो. गिरजा दोन दिवस बादली घेऊन तिच्यामागे फिरते आहे. तुझी बायको धीराची, तुझ्या वेळी रडली ती मोजकं रडली. पण काल रेवडीनं चौथ्यांदा मान फिरवली तेव्हा ती पालथ्या बादलीवर बसून हमसून रडली.

"बाई, हेही जाते काय वं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, जात नाही. म्हटलं खरं, पण घोड्यातलं मला किती कळतं हे तुला ठाऊक आहे आणि मलाही.

तू ही घोडी आणलीस तो दिवस आठवतो. सुताचं कंट्रोल होतं, सूत मिळेना, मिळालं तर तुटकं. एका सकाळी तू मागाच्या खड्ड्यातून पाय वर घेतलेस आणि बाबांना सांगितलंस, मी टांगा हाकणार. बाबा दोन दिवस जेवले नाहीत. मी जेवले, पण तुझ्याशी बोलले नाही. नवरा गेल्यावर मी माहेरी आले ती धोट्यातल्या सुताच्या कांड्या भरायला, तुझ्या शेजारी बसायला. तू उठलास तर मी कोणाच्या कांड्या भरायच्या? तिसऱ्या दिवशी तू दारात ही पांढुरकी, अंगभर तिळाएवढे ठिपके असलेली घोडी आणून उभी केलीस. बाबा ओसरीवरून बघत राहिले आणि म्हणाले, "रेवडीसारखी दिसते गा." झालं. नाव पडलं आणि घरातलं भांडण मिटलं. तुझ्या जागी मागावर मी बसले. बाईमाणूस खड्ड्यात पाय सोडून धोटा फेकते म्हणून वस्तीत कुजबुज झाली, तेव्हा तू टांग्यावरूनच सगळ्यांना ऐकवलंस की माझी बहीण माझ्यापेक्षा घट्ट विणते.

हे तू खरंच बोललास. आणि तिथेच सगळा घोळ झाला.

पण आधी तुझे उन्हाळ्याचे कायदे लिहून ठेवते, कारण गिरजाला ते हवे आहेत आणि माझं हसू आवरत नाही. पहाटे कामठीची फेरी. दहाच्या आत घोडी सोडायची म्हणजे सोडायची. पाच वाजेपर्यंत लाटसाहेब आला तरी जुंपायची नाही. मधल्या वेळात लिंबाखाली उभी करायची, जिथे वारा फिरतो तिथे. भिंतीच्या सावलीत नाही, कारण भिंत तापते. पाणी आधी खुरांवर, मग पायांवर, मग मानेवर. पाण्यात चिमूटभर मीठ, बोटभर गूळ. अंगावरचं पाणी निपटायला बाबांच्या मागाची मोडकी फणी तू लाकडी पट्टी काढून घासून ठेवली होतीस, तीच वापरायची, दुसरं काही नाही. आणि रोज एकदा तिच्या कानाच्या मुळाशी हात ठेवून बघायचं. स्वतःच्या बायकोला ताप आला तर तू एवढ्या वेळा हात लावला नाहीस, असं गिरजा म्हणते.

कांद्याचा प्रकारही तुझाच. लू लागू नये म्हणून माणूस खिशात कांदा ठेवतो, तर घोडीनं काय घोडं मारलंय, असं म्हणून तू तिच्या गळ्यात सहा कांद्यांची माळ घातलीस. अड्ड्यावर शेजारच्या घोड्यानं ती माळ दोऱ्यासकट खाल्ली आणि दिवसभर त्याच्या मालकाच्या टांग्यात कोणी बसायला तयार होईना. महिनाभर तो माणूस तुझ्याशी बोलला नाही.

आणि ते ट्रंकवाले गृहस्थ. बाराची गाडी गाठायची होती त्यांना, महाल भागात दुसरा टांगा मिळेना. घामाघूम होऊन तुझ्यापुढे उभे. तू म्हणालास, घोडी निघणार नाही. ते चिडले, विनवू लागले, मग पुन्हा चिडले. शेवटी तू त्यांची ट्रंक उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतलीस आणि म्हणालास, चला. महालापासून स्टेशनापर्यंत भर दुपारी तू पुढे, ते छत्री धरून मागे. गाडी मिळाली त्यांना. परत आलास तेव्हा तुझा चेहरा विटेसारखा लाल झाला होता. मी ओरडले, तर म्हणालास, "मी सावलीत बसू शकतो ना वं, बाई. तिले कोण विचारते?" मग रेवडीच्या शेजारी जाऊन तिच्याच बादलीतलं पाणी डोक्यावर ओतून घेतलंस.

आता झुलीचं. नामा, हे आपण कधी बोललो नाही. अकरा उन्हाळे गेले, पण ना तू विषय काढलास ना मी.

रेवडीचा तो आपल्याकडचा पहिलाच उन्हाळा. तू म्हणालास, बाई, हिला एक सुती झूल विणून दे, ओली करून पाठीवर टाकू, गारवा राहील. पण विरळ विण, वारा आरपार गेला पाहिजे. मी धोटा खाली ठेवला. आपल्या बाबांच्या मागावरून विरळ कापड कधी उतरलं नव्हतं. लुगडं दिव्यासमोर धरलं तर ज्योत दिसू नये, ही आपल्या घरची शोभा. घोडीसाठी झाली म्हणून काय झालं, घोडी आपली नाही काय? तू दोनदा सांगितलंस, तिसऱ्यांदा हात जोडलेस. मी ऐकलं नाही. चांगली घट्ट, दुहेरी सुताची झूल विणली आणि वर लाल किनार काढली, दोन बोटं रुंद, लुगड्याला काढतात तशी. तू झूल हातात घेतलीस आणि या किनारीपासून त्या किनारीपर्यंत बोटानं चाचपलीस. रेवडीच्या पाठीवर टाकलीस तेव्हा अख्खी वस्ती बघायला आली. गिरजानं तर घोडीला कुंकू लावलं.

चार दिवस तू ती सकाळीच थोडा वेळ टाकायचास आणि काढून ठेवायचास. मला ते लागलं. एवढी मेहनत, आणि हा दुपारच्या उन्हात घोडी उघडी ठेवतो. पाचव्या दिवशी तू जेवून ओसरीवर आडवा झालास. मी झूल हौदात बुडवली, दुहेरी घडी केली, तिच्या पाठीवर टाकून पोटाखाली बंद बांधले. तिला लिंबाखालून सोडून पत्र्याच्या खोपटात नेली, दारावरच्या वाळ्याच्या टट्ट्या खाली सोडल्या. मनात म्हटलं, आता बघ कशी थंड राहते. आणि आत येऊन मागावर बसले, स्वतःवर खूश.

पुढचं तुला माहीत आहे, तरी मला लिहू दे. तुझी हाक ऐकून मी धावले तेव्हा रेवडीचे पाय थरथरत होते. नाकपुड्या एवढाल्या झालेल्या, पोट भात्यासारखं हलत होतं, आणि अंगाला घामाचा थेंब नाही. मला वाटलं, घाम नाही म्हणजे बरं आहे. बंदांच्या ओल्या गाठी तुला सुटेनात, घोडी जागची हलेना, तेव्हा तू धावत जाऊन अड्ड्यावरून बुढनचाचांना घेऊन आलास. कामठीच्या छावणीत त्यांचा जन्म घोड्यांत गेला, मोटारी आल्यावर ते टांग्यावर आले. चाचांनी दारातूनच बघितलं आणि सुरीनं झुलीचे बंद कापले. माझी लाल किनार मातीत पडली.

"हवा येऊ दे हिले," चाचा म्हणाले. "कपडा भिजला, हवा बंद, ते तर भाप झालं. घोडी शिजून राहिली आत."

मग तिला ढकलत, ओढत लिंबाखाली आणली. तू, मी, गिरजा, ज्याच्या हाती जे भांडं लागलं ते घेऊन पाणी ओतत राहिलो. चाचा फणीनं पाणी निपटत होते, आम्ही पुन्हा ओतत होतो. निपटलं नाही तर अंगावरचं पाणीच तापतं, ते सांगत होते. पाण्याचा एक-एक घोट तिच्या तोंडाशी. किती वेळ गेला कोण जाणे. एकदाची तिनं मान झटकली, अंगावरचं सगळं पाणी आम्हा चौघांच्या तोंडावर उडालं, आणि चाचा हसले.

तेव्हा त्यांनी विचारलं, हे कोणी केलं. मी तोंड उघडलं होतं नामा, खरंच उघडलं होतं. पण तू माझ्या आधी बोललास.

"मी केलं, चाचा."

चाचांनी तुला अशा शिव्या घातल्या की गिरजानं कानात बोटं घातली. तू मान खाली घालून ऐकलंस. अड्ड्यावर तुझं नाव 'झूलवाला' पडलं ते पडलंच. तुला खांदा द्यायला आले तेव्हाही एक जण म्हणाला, आमचा झूलवाला गेला. आणि मी, वस्तीत जिच्या जिभेला सगळे भितात ती मी, तेव्हाही काही बोलले नाही.

त्या दिवशी संध्याकाळी तू मागापाशी आलास, ताण्याकडे बघितलंस आणि नेहमीच्या आवाजात म्हणालास, "आता विरळ विणशील ना वं, बाई?" बस, इतकंच. मी फणीची एकाआड एक घरं रिकामी सोडली. बाबांच्या फणीची घरं रिकामी ठेवायची म्हणजे जिवावर आलं. उतरलं ते कापड नव्हतंच, जाळं होतं. त्यातून माझा हात दिसत होता. बाबांनी ते हातात घेतलं, दिव्यासमोर धरलं. मला वाटलं आता बोलतील. ते म्हणाले, किनार कुठाय?

किनार मी काढली. ती सोडणार नव्हते. ते जाळं ओलं करून लिंबाखाली रेवडीच्या पाठीवर टाकलं, त्यातून वारा गेला आणि तिच्या अंगावर गारव्यानं शहारा उठला. तो मी डोळ्यांनी बघितला. तिनं एक पाय ढिला सोडला, डोळे मिटले आणि उभ्या उभ्या डुलकी घेतली. पुढच्या उन्हाळ्यात अड्ड्यावरच्या सगळ्यांनाच तशा झुली हव्या झाल्या. मी अकरा विणल्या. सगळ्यांना लाल किनार. महालाच्या अड्ड्यावर दुपारी ती लुगडी नेसलेली घोडी ओळीनं डुलक्या घेत उभी असायची आणि येणारे-जाणारे हसायचे. बाबांच्या मागाचं सगळ्यात नावाजलेलं कापड तेच झालं. तुझ्यामुळे झालं. हेही मी तुला सांगितलं नाही.

पाण्याचं भांडण मात्र आपण मनापासून भांडलो. तू म्हणायचास, फेरीवरून आलेल्या तापल्या घोडीला पाणी लगेच द्यायचं नाही, आधी चालवायची, श्वास खाली बसू द्यायचा. मी म्हणायचे, तहानलेल्याला ताटकळत ठेवणं हा कुठला धर्म? चाचा दोघांना गप्प करायचे, घोट-घोट द्या म्हणायचे, आणि त्यांची पाठ वळली की आपण पुन्हा सुरू. माणसाचंही तसंच, असं तुझं म्हणणं. उन्हातून आल्याबरोबर मी तांब्या तोंडाला लावला की तू हात धरायचास. अकरा वर्षांत मी एकदाही हरले नाही आणि तूही नाहीस.

दुसरं भांडण शिळेचं. रेवडी बादलीत तोंड घाली आणि तुझी शीळ सुरू होई, ती बादली रिकामी होईपर्यंत. सगळेच टांगेवाले घालतात, पण ते रस्त्यावर. तू घरात, बाबांसमोर. मी किती वेळा म्हटलं, माग सोडलास तो सोडलास, आता बापाच्या अंगणात शिट्या घालतोस? तू हसायचास आणि आणखी जोरात घालायचास.

आज सकाळी गिरजानं अड्ड्यावरून एकाला बोलावून आणलं. त्यानं बादली धरली आणि शीळ घातली, चांगली खणखणीत. रेवडीनं कान मागे पाडले आणि त्याच्याकडे पाठ केली. तो म्हणाला, गुरांच्या डॉक्टरला दाखवा. तो गेल्यावर मी पायरीवर बसून तुला इथवर लिहिलं. दुपार चढली. रेवडीच्या पाठीवर तुझी जुनी विरळ झूल, किनार विटून गुलाबी झालेली. अंगाला हात लावला तर गरम. कानाच्या मुळाशी आणखी गरम.

आपला माग तू गेल्यापासून बंद आहे; दोन वाजता शेजारच्या घरात जेवणं उरकून माग सुरू झाला. खट, खट, धप. खट, खट, धप. आणि नामा, रेवडीचे कान उभे राहिले. गल्लीच्या तोंडावरून तिनं मान वळवली आणि त्या भिंतीकडे बघू लागली.

मी पायरीवरून उठलेच. तुझी शीळ मी मनात म्हणून बघितली. दोन आखूड, एक लांब. दोन आखूड, एक लांब. धोट्याचे दोन खटके आणि फणीचा ठोका. कोणत्याही टांगेवाल्याची ती शीळ नव्हती, म्हणून त्याची चालली नाही. अरे, तू बाबांचा माग शिळेत घालत होतास आणि मी तुला बापाची लाज काढतोस म्हणत होते. बाबा होते तोवर त्यांना कळलं असणार. ते तुला कधीच थांबवत नव्हते. मला एकटीलाच कळलं नाही, आणि त्या ठोक्याशेजारी बसून माझा जन्म गेला.

गिरजाला म्हटलं, बादली धर. ती म्हणाली, काय करून राहिल्या, बाई? मी ओठांचा चंबू केला. पहिल्यांदा नुसता वारा निघाला. पुढचा दात पडलेला, शीळ येणार कुठून? दुसऱ्यांदा पातेल्याचं झाकण वाफेनं वाजतं तसा आवाज आला. गिरजा या सतरा दिवसांत पहिल्यांदा हसली, आणि मलाही हसू आलं, मग तर काहीच येईना. तोंड पुसलं, मागाचा ठोका धरला आणि पुन्हा घातली. दोन आखूड, एक लांब.

रेवडी चालत आली. माझ्या तोंडाकडे अगदी जवळून बघितलं, बहुधा दातांकडे. मग बादलीत तोंड घातलं. तिच्या गळ्यातून घोट खाली जाताना दिसत होते. मी थांबले की तीही थांबे, म्हणून मी थांबले नाही. दारादारांतून बायका बाहेर आल्या. पन्नाशीची, विधवा, पांढऱ्या केसांची बाई भर दुपारी अंगणात उभी राहून शीळ घालते म्हणून उद्या वस्तीत काय बोलतील ते बोलोत. पूर्वी तू ऐकवायचास, आता माझी मी ऐकवीन.

एक बादली संपली. गिरजा दुसरी आणायला हौदाकडे पळाली. तेवढ्या वेळात मी रेवडीच्या मानेवर, झुलीच्या किनारीवर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हटलं, शेजारणींना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, "ते झूल मी बांधली होती गा, नामा. चूक माही होती."

दुसरी बादलीही तिनं संपवली. तिसरीला माझे ओठ सुकले, घशाला कोरड पडली, कपाळावरून घाम निथळत होता. म्हणून आधी मी तांब्या भरून घेतला आणि तशीच, उन्हात उभी राहून, न थांबता गटागटा प्यायले. हात धरायला कोणी आलं नाही. मला काही झालं नाही, नामा. तू खोटा ठरलास. मग ओठ ओले झाले आणि तिसऱ्या बादलीला शीळ नीट आली.